रुईवरचा कोष

लातूरहून औशाला जाताना मामांचं शेत लागतं. तिथल्या बांधावर रुई माजलीय. शनिवारी मारुतीला माळ घालायची, तेवढीच तिची आठवण! पण प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या हीच पानं खातात, त्यातलं विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी सहसा त्यांच्या वाटेला जात नाहीत.

मागच्या पावसाळ्यात एका पानाखाली कोष दिसला. उमलायच्या आधी तो पारदर्शक होतो आणि आतले केशरी पंख दिसू लागतात. तसे ते दिसले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच मॅक्रो लेन्स लावून बसलो. फुलपाखरू बाहेर आलं. पंख ओले, चुरगळलेले. अंगातला द्रव पंखांत भरून ते ताठ होईपर्यंत त्याला लटकून राहावं लागतं, हे मला ठाऊक होतं. तरी उजेड हवा म्हणून फांदी जराशी वळवली... ते खाली पडलं. मी आधी दोन फोटो काढले, मग उचललं. एक पंख दुमडला तो दुमडलाच राहिला.

"फोटो चांगला आला का रे?" मामांनी विचारलं.

आला होता. कुणाला दाखवला मात्र नाही.

असो. आता बांधावर गेलो की हात फक्त कॅमेऱ्याला लावतो, पानाला नाही.