पेटीतला गंधार

सांगलीत ‘देवल’ म्हटले की ‘संगीत शारदा’ आठवते. वर्गात मीही तेच नाटक शिकवते. कृष्णाजी बल्लाळ देवल मात्र आमच्या अभ्यासक्रमात येत नाहीत. या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला लावून त्यांचे स्वर तारेवर मोजले आणि बावीस श्रुतींचे गणित १९१० साली पुस्तकरूपाने मांडले.

गणित तसे सोपे आहे. ताण तोच ठेवून तार निम्मी केली की कंपने दुप्पट होतात आणि तार षड्ज मिळतो. दोन तृतीयांश ठेवली तर दीडपट, म्हणजे पंचम. चार पंचमांश ठेवली तर सव्वापट, म्हणजे गंधार. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर गंधार ३०० चा. आजची पेटी सप्तकाचे बारा सारखे भाग करते. तिचा गंधार ३०२.४ वर जातो. एवढ्याने काय बिघडते?

साताऱ्याच्या शाळेतल्या प्रार्थनेपासून माझा कान पेटीवर पोसलेला. मिरजेत एका तंबोऱ्याच्या दुकानात कारागिराने जवारीचा दोरा केसभर सरकवला आणि खर्जाच्या तारेतून गंधार उमलला, तेव्हा तो मला किंचित उतरलेलाच वाटला. सवय ही अशी चीज आहे! वस्तुतः १२० कंपनांच्या खर्जाच्या पोटात पाचपट, म्हणजे ६०० कंपनांचा गंधार असतोच. गवई त्याला स्वयंभू म्हणतात. त्यावर पेटीचा तार गंधार धरला तर ६०० आणि ६०४.८ यांची गाठ पडते. कानातील शंखाकृती नळीत एक पडदा असतो. दूरदूरचे स्वर त्यावर आपापल्या जागी उमटतात, पण इतके जवळचे स्वर एकाच जागेवर येतात. मग दोन स्वर ऐकू न येता एकच स्वर सेकंदाला जवळजवळ पाच वेळा फुगतो आणि ओसरतो. ती थरथर तंबोऱ्यातही नसते, पेटीतही नसते; दोघांच्या भेटीत जन्मते.

देवलांनी क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटीही घडवून घेतली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण जाणकारांना पटली नाही. त्यात देवलांचा पराभव झाला असे मला वाटत नाही. सव्वापटीचा गंधार खर्जाची तार रोजच म्हणते आहे. मात्र गवयाचा गळा एका स्वरावरून दुसऱ्यावर मींडेने जातो, आणि ती वाट कोणत्याही पट्टीखाली बसत नाही.