जयघोषाची दिशा

पंढरपूरहून टेंभुर्णीकडे निघालेल्या रस्त्यावर आमचे करकंब लागते. बाहेरच्यांना हे गाव ठाऊक असते ते बहुधा बाजार आमटीमुळे. आठवडी बाजाराच्या दिवशी मोठ्या पातेल्यांत शिजणारी, डाळींची आणि काळ्या मसाल्याची ती झणझणीत आमटी भाकरी कुस्करून खायची असते. आमच्या घरात ती कांदा-लसणाशिवाय होते, आणि ती खरी बाजार आमटी आहे की नाही यावर गावातल्या मित्रांशी आमचा वाद अनेक वर्षे चालू आहे. कोणत्याही पक्षाने अद्याप माघार घेतलेली नाही.

या भागातल्या माणसाचा कान जयघोषावर वाढलेला असतो. आषाढी-कार्तिकीला दिंड्या पंढरीकडे उतरतात. थोड्या अंतरावर अरण येथे सावता माळ्यांची समाधी आहे, तिथेही टाळ-मृदंगाचा गजर असतो. दुसरा आवाज जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडातला. हलगी कडाडू लागली की म्हातारी माणसेही मांडी थोपटतात. दिंडीच्या जयघोषात कोणी हरलेला नसतो. फडातल्या जयघोषात असतो, पण तो समोर मातीत असतो, त्याला उठायला हात दिला जातो आणि दोन्ही मल्लांच्या हातात बक्षीस पडते. पेठेची पेठ हरते, आणि हरलेली हजारो माणसे जिंकलेल्या हजारोंसमोर बसून ते गाणे ऐकतात, हा प्रकार मी प्रथम कोल्हापुरात पाहिला.

कारण घरगुती होते. माझा भाचा तिथे महाविद्यालयात शिकतो. फुटबॉलच्या एका संघाचा तो कट्टर समर्थक झाला आहे, इतकेच ताईला माहीत होते. मग एका सामन्यानंतर दगडफेक झाली, पोलिसांनी मुलांची धरपकड केली, आणि भाचा त्या गर्दीत होता हे तिला दुसऱ्याच कोणाकडून कळले. त्याच्यावर काही आले नाही. पण गुन्हा नोंदला गेला असता तर उद्या पारपत्राला, नोकरीला अडचण, ही भीती तिच्या मनातून जाईना. "तू जाऊन बघ आणि मला सांग, त्याला जाऊ द्यायचं की नाही," असे म्हणून तिने मला धाडले.

पंढरपूरहून रेल्वेने सांगोला, मिरज असा मार्ग. हा फाटा एके काळी बार्शी लाइट रेल्वेचा, अरुंद रुळांचा होता. आता रुंद झाला आहे, तरी माणदेशाच्या उघड्या माळावरून गाडी आपल्याच चालीने जाते. मिरजेच्या पुढे ऊस दाटतो, आणि कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातली, आपल्या समाजाच्या शेतकरी बांधवांची गावे सुरू होतात. सोलापूरकडचा जैन बहुधा पेढीवर बसलेला, इकडचा नांगरामागे. दोघांच्या बोलीतही तेवढाच फरक.

कोल्हापूरचा फुटबॉल समजून घ्यायचा तर आधी तालीम समजून घ्यावी लागते. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत या शहराने कुस्ती डोक्यावर घेतली. 1912 साली खासबागेचे मैदान उभे राहिले. पेठापेठांत तालमी होत्याच. पुढे त्याच तालमींतल्या पोरांच्या पायांत चेंडू आला, राजघराण्याने त्यालाही आश्रय दिला, आणि नावे मात्र तीच राहिली. म्हणून आजही इथले संघ पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम अशा नावांनी मैदानात उतरतात. नावात मल्ल, खेळात चेंडू. शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब यांचाही दबदबा मोठा. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्पर्धा भरवते, राजर्षी शाहू स्टेडियममध्ये सामने होतात. क्रिकेटने वेडावलेल्या या राज्यात फुटबॉलच्या स्थानिक सामन्याला तिकीट काढून गर्दी लोटते, असे दुसरे शहर मला माहीत नाही. 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा.

तालीम म्हणजे नुसता संघ नव्हे. गणेशोत्सव तिचा, मिरवणूक तिची, पेठेतल्या मयताला खांदा तिचा. महापुरात होड्या आणि जेवणाची पाकिटे घेऊन धावणारी पोरेही तिचीच. त्यामुळे संघ हरतो तेव्हा अकरा खेळाडू हरत नाहीत. मुलाला पेठेचे नाव जन्माबरोबर मिळते, आणि ते दर हंगामात पणाला लागते. बाहेरून येऊन 'खेळच तर आहे' म्हणणे सोपे आहे. माझा भाचा तर पेठेतला जन्मलेलाही नाही, करकंबच्या मामाचा आणि अकलूजच्या बापाचा. परक्या शहरात खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला ज्या गल्लीने आपले म्हटले, त्या गल्लीचा संघ त्याने आपला मानला. एवढे मला पहिल्याच संध्याकाळी, त्याच्या चहाच्या टपरीवर, समजले. टपरीवाला त्याला नावाने नव्हे, संघाच्या नावाने हाक मारत होता.

सामना पाहिला तो रविवारी. संघांची नावे मुद्दाम लिहीत नाही. सांगायचे आहे ते त्यांच्यापैकी कोणा एकाचे नाही.

दोन्ही बाजूंचे समर्थक समोरासमोरच्या भागांत बसले होते. मध्ये पोलीस. हलगी, झांजा, पताका, रंगीत धुराच्या नळकांड्या. एक पोरगा कोणाच्या तरी खांद्यावर चढून पहिला अर्धा भाग उच्चारी आणि हजारभर गळे उरलेला भाग पुरा करीत. आपल्या भजनात ध्रुवपद झेलतात तसे. ताल हलगीचा, चाल कधी सिनेगीताची, कधी आरतीची, शब्द तिथल्या तिथे जुळवलेले. पहिला अर्धा तास मी चक्क रमलो. त्या घोषणांत संघाचे नाव होते, पेठेचे नाव होते, जुन्या खेळाडूंची नावे होती. एका गोलरक्षकाने चेंडू अडवला तेव्हा समोरच्या बाजूनेही टाळ्या आल्या.

मग गोल झाला. मी मैदानाऐवजी भाच्याकडे आणि त्याच्या सोबत्यांकडे पाहत होतो, म्हणून एक गोष्ट ध्यानात आली. गोल झाल्याबरोबर सगळे उडी मारून उभे राहिले, तेव्हा त्यांची तोंडे मैदानाकडे, गोल करणाऱ्या खेळाडूकडे होती. तो सारा आनंदच होता. चार-पाच क्षण गेले, आणि ती तोंडे वळली. खेळाडू अजून मिठ्या मारीत होते, पण त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते. सगळे समोरच्या गर्दीकडे वळले होते, हातवारे तिकडे होते, आणि गाण्याचे शब्दही बदलले. आता त्यात आपल्या संघाचे नाव नव्हते, दुसऱ्या पेठेचे होते, आणि त्याच्या पुढेमागे जे होते ते या मासिकात छापण्याजोगे नाही. समोरच्या बाजूच्या पहिल्या रांगेत बापाच्या मांडीवर आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा बसला होता. त्याने तोंडावर रंग लावला होता. तो रडत नव्हता, फक्त या हजार माणसांकडे पाहत होता.

त्या दिवशी दगड उचलला गेला नाही. पण यापूर्वी समर्थकांच्या हाणामाऱ्यांमुळे या शहरात सामने थांबवावे लागले आहेत, मुलांवर गुन्हे दाखल झाले आहेत. कोल्हापूरचे जुने खेळाडू याबद्दल खंत करतात, ती खोटी नाही.

हे पेठांचेच खूळ, असे मात्र म्हणता येणार नाही. आपल्या समाजातील पुष्कळ मुले आज अमेरिकेत शिकतात. तिथल्या विद्यापीठांच्या फुटबॉलचे, म्हणजे हातात चेंडू घेऊन धावण्याच्या त्यांच्या खेळाचे, वेड त्यांनाही लागते. मिशिगन विद्यापीठाच्या संघाने 1898 साली शिकागोला 12 विरुद्ध 11 अशा एका गुणाने हरवले, तेव्हा लुई एल्बेल नावाच्या संगीताच्या विद्यार्थ्याने भारावून जाऊन एक विजयगीत रचले. ते तिथे आजही गायले जाते. आनंदाच्या भरात लिहिलेल्या त्या गाण्यात हरलेल्या शिकागोचा उल्लेखदेखील नाही. मिशिगन आणि शेजारचे ओहायो यांचे वैर मात्र वेगळ्या जातीचे. सामन्याच्या आठवड्यात ओहायोच्या विद्यापीठात पाट्यांवरचे 'एम' हे अक्षर लाल पट्टीने खोडतात, आणि मिशिगनची आपल्याला कवडीची पर्वा नाही, एवढेच सांगणारे एक गाणे तिथे पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाते. ज्याची पर्वा नाही त्याच्यावर गाणे कशाला रचावे, असा प्रश्न तिथे कोणाला पडत नसावा.

एल्बेलच्या गाण्याचे नाव 'द व्हिक्टर्स', म्हणजे विजेते. आपल्या भाषेत सांगायचे तर 'जिन'. 'जि' म्हणजे जिंकणे, या धातूपासून तो शब्द आला, आणि त्यावरून आपण जैन. दिवसातून दहा वेळा आपण 'जय जिनेंद्र' म्हणतो, म्हणजे एक विजयघोषच करतो. फक्त समोर हरलेला कोणी नाही. जिंकले ते राग-द्वेष. रविवारी रात्री खोलीवर परतताना हे भाच्याला सांगावे असे फार वाटले. पण त्याचा संघ जिंकला होता आणि तो उपवास सोडल्यासारखा भेळ खात होता. म्हटले, राहू दे.

सोमवारी त्याला सुट्टी होती. त्याला घेऊन हातकणंगले तालुक्यातल्या बाहुबली क्षेत्री गेलो. कुंभोजजवळच्या त्या डोंगराच्या पायथ्याचे गुरुकुल आपल्या करमाळ्यात जन्मलेल्या समंतभद्र महाराजांनी उभे केले, ही गोष्ट सोलापूर जिल्ह्यातल्या आम्हा लोकांना जरा मिरवण्याजोगी वाटते (पाहा, पेठ इथेही सुटत नाही). तिथे भगवान बाहुबलींची 28 फूट उंचीची शुभ्र संगमरवरी मूर्ती आहे. दर्शन घेऊन आम्ही सावलीत बसलो. समोर गुरुकुलातली मुले रांगेने जेवायला चालली होती.

भरत-बाहुबलींची कथा भाच्याला ठाऊक होतीच. पाठशाळेत ऐकली होती. दोन्ही बाजूंच्या सेना समोरासमोर ठाकल्या, तेव्हा मंत्र्यांनी विचार केला की हे दोघे भाऊ, यांच्यासाठी इतर जीवांचा संहार कशाला, आणि दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध असे तीन सामने ठरले. सैन्यांनी फक्त पाहायचे. तिन्हींत बाहुबली जिंकले. मल्लयुद्धात त्यांनी भरताला उचलले, पण जमिनीवर आपटले नाही, मोठा भाऊ म्हणून खांद्यावर घेतले.

"मग सैन्यानं काय केलं?" भाच्याने मध्येच विचारले. "म्हणजे बघणाऱ्यांनी. घोषणा दिल्या असतील ना?"

हा प्रश्न मला पूर्वी कधी पडला नव्हता, आणि त्याचे उत्तर पुराणात आहे हे त्याक्षणी आठवून मी चकित झालो. नवव्या शतकातले आचार्य जिनसेन आदिपुराणात तो क्षण सोडत नाहीत. बाहुबलींच्या पक्षाच्या राजांनी मोठा कोलाहल केला, आणि भरताच्या पक्षाच्या राजांनी लाजेने माना खाली घातल्या, असे ते वर्णन करतात. दोन्ही बाजूंचे राजे पाहत असताना झालेला तो अपमान भरताला सोसला नाही. त्याच क्रोधात त्याने चक्ररत्नाचे स्मरण केले. ठरलेले नियम मोडून सख्ख्या भावावर चक्र सोडले गेले ते या कोलाहलाच्या पाठोपाठ. चक्राने बाहुबलींना इजा केली नाही, ते त्यांना प्रदक्षिणा घालून थांबले.

बाहुबलींनी राज्य सोडले ते त्यानंतर. आणि तरीही वर्षभर निश्चल उभे राहून केवलज्ञान होईना. आपल्यामुळे भरताला क्लेश झाला, हा सल मनात राहिला होता, असे दिगंबर परंपरा सांगते. श्वेतांबर परंपरेत अभिमानाचा अंश उरला होता, आणि ब्राह्मी-सुंदरी या बहिणींनी येऊन, आता हत्तीवरून उतर, असे सुचवले. दोन्ही परंपरांना एवढे मान्य आहे की सामना जिंकून काम संपले नव्हते.

भाचा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पण मामा, गोल झाल्यावर गप्प कसं बसायचं?"

"गप्प बसू नकोस," मी म्हटले. "ओरड. पण तुझं तोंड कुठं वळतं ते बघ." आणि आदल्या दिवशी पाहिलेले मी त्याला सांगितले, त्या मांडीवरच्या मुलासकट. तो मुलगा त्याने पाहिलाच नव्हता. थोड्या वेळाने तो म्हणाला, खांद्यावर चढून पहिली ओळ देणारा त्याच्याच वर्गातला आहे, आणि समोरच्या पेठेवरची निम्मी कवने भाच्याने स्वतः जुळवलेली आहेत. हे त्याने जरा अभिमानाने आणि जरा खाली पाहून सांगितले. कवने वृत्तात चोख बसलेली होती, हे मलाही कबूल करावे लागले.

हातकणंगलेला गाडी पकडून मी परतलो. ताईला सांगितले की त्याला जाऊ दे. मैदान बंद केले तर तो चोरून जाईल, आणि त्या गल्लीत त्याला जे मिळाले आहे ते आपण इथून देऊ शकत नाही. दोन अटी घातल्या. सामना संपला की जमावाबरोबर मिरवणुकीत न जाता खोलीवर जायचे, आणि घरी फोन करायचा. तिसरी अट त्याची त्यानेच घातली होती, ती मी ताईला सांगितली नाही.

पुढच्या रविवारी फोन आला. टायब्रेकरवर हरले होते, आवाज बसला होता. ताईने निकाल विचारलाच नाही. जेवलास का आणि कुठे आहेस, एवढेच विचारले. मग फोन माझ्याकडे आला. "मामा," तो म्हणाला, "आज ते लोक आमच्याकडं वळून म्हणत होते. आमचीच चाल होती. शब्द फक्त बदलले होते त्यांनी."