बिल निघालं की…

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वाडीच्या रस्त्यावर आबांनी खडी पसरली. रस्ता झाला. पहिल्या पावसात त्याच रस्त्याने वेल्ह्याला येऊन, नसरापूरला एस.टी. बदलून मी भोरला कॉलेजात आलो. आबांची तीन आठवड्यांची मजुरी मात्र आली नाही. विचारायला गेले की कंत्राटदार एकच वाक्य बोले, "वरनं बिल निघालं की देतो."

वाडीतल्या दुकानदाराकडे उधारीची लाल वही आहे. आमच्या पानाला त्याने दोन हजारांची मर्यादा घातली आहे. ती भरली, त्या दिवशी आई तेल न घेताच परत आली. "त्याचं तरी काय चुकलं?" एवढेच म्हणाली.

पुढे वर्गात सरांनी राज्यघटनेचे २९३ वे कलम शिकवले. केंद्राचे जुने कर्ज बाकी असेल, तर राज्याला केंद्राच्या संमतीवाचून नवे कर्ज काढता येत नाही. मला एकदम लाल वही आठवली. सरकारच्याही पानाला मर्यादा असते तर! मग ग्रंथालयात बसून पुढचे वाचले. महाराष्ट्राने २००५ साली स्वतःच राजकोषीय शिस्तीचा कायदा केला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२३-२४ पासूनच्या तीन वर्षांसाठी राज्यांच्या कर्जउभारणीला राज्य उत्पन्नाच्या ३ टक्के ही सर्वसाधारण मर्यादा सुचवली. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आपल्या राज्याची राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी रुपये धरली होती. एकूण कर्जाचा अंदाज होता सुमारे ९ लाख ३२ हजार कोटी.

वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. मर्यादा आली म्हणून दिलेला शब्द मागे जात नाही. रस्ता मंजूर असतो, कधी कधी झालेलाही असतो. कमी पडतो तो पैसा. मग देण्यांची रांग लागते. कर्जावरचे व्याज सर्वांत पुढे. घटनेने ते भारित खर्चात घातले आहे, त्यावर विधानसभेत मतदानही होत नाही. त्यामागे पगार आणि निवृत्तिवेतन. लांबवता येते ते कंत्राटदाराचे बिल. २०२५ साली राज्यभरातल्या कंत्राटदारांनी थकलेल्या बिलांसाठी आंदोलने केली. पण कंत्राटदाराच्याही मागे मजूर उभा असतो, त्याचे आंदोलन कोण करणार?

अमेरिकेतही कर्जाला कायद्याने मर्यादा आहे. तीही ठरून गेलेल्या देण्यांनाच अडवते. २०११ साली हा वाद इतका ताणला, की स्टँडर्ड अँड पुअर्स या संस्थेने त्या बलाढ्य देशाची पत एक पायरी खाली आणली.

आबांचे पैसे याच कारणाने अडले, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मर्यादा नकोच, असेही म्हणवत नाही; आजचे कर्ज उद्या आमच्याच पिढीला फेडायचे आहे. पण आई आधी वहीचे पान बघते, मगच तेलाची बाटली पुढे करते. सरकारनेही काम काढण्याआधी पान बघावे. काम करून घेतल्यावर पान भरल्याचे सांगणे, हे आईच्या हिशेबात बसत नाही.

सुट्टीत हे सारे आबांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "मंग त्या रांगंत आमचा नंबर कितवा?"

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी ते नव्या रस्त्याच्या कामावर गेले. त्याही कामाचे बिल अजून निघायचे आहे.