बार्नराव

इंग्लंडमधल्या सफोकच्या शेतवाटेने आत वळलात, की रस्त्याकडे पाठ करून बसलेले दिसतात ते बार्नराव, म्हणजे मळणीचं जुनं कोठार. येणाऱ्याजाणाऱ्याशी त्यांना कर्तव्य नाही. तोंड कायम शेताकडे. ‘घरांसाठी परवानगीसह विकणे आहे’ ही पाटी वाचून तुम्ही आलात, ठीक. पण व्यवहाराआधी ओळख होऊ द्या.

समोरासमोरची दोन दारं बघा. एक उंच, एक ठेंगणं. भरलेली गाडी उंच दारातून आत यायची, रिकामी होऊन ठेंगण्यातून बाहेर पडायची. हिवाळाभर मधल्या फरशीवर मळणी चाले आणि दारं उघडून आरपार वाऱ्यावर धान्य उफणलं जाई. आपलं खळं उघड्यावर असतं; या पावसाळी देशाने खळ्यालाच छप्पर घातलं. वारा सुटला की म्हातारा अजून छाती फुगवतो.

घराण्याचा अभिमान भारी. एसेक्समधल्या क्रेसिंग टेंपलची दोन कोठारं तेराव्या शतकातली, टेंपलर सरदारांची. त्यांचं नाव निघालं की यांचा कणा ताठ होतो. मात्र वारसा यादीत नाव असलेल्या त्या थोरल्या पातीला पाटीवरच्या परवानगीमागची सवलत लागू नाही. २०१४ साली सरकारने इंग्लंडमध्ये शेतावरच्या इमारतींची घरं करायला वाट मोकळी केली, ती आता ‘क्लास क्यू’ म्हणून ओळखतात. २०२४पासून एका शेतावर दहा घरांपर्यंत मुभा आहे: मिळून १,००० चौरस मीटर, एकेक घर १५०च्या आत.

स्वभाव मानी. कपडे बदला म्हणाल तर बदलतील: खिडक्या, दारं, गरजेपुरतं छप्पर, भिंतीसुद्धा. हाडं मात्र त्यांचीच राहायला हवीत. तीन बाजूंनी उघड्या असलेल्या एका पोलादी बार्नचा वाद २०१६ साली हायकोर्टात गेला, तेव्हा कोर्टाने हेच सांगितलं: रूपांतर वेगळं, नव्याने बांधणं वेगळं. काम चालू असताना बार्नराव कोसळले, तर परवानगीही त्यांच्याबरोबर मातीत जाते. म्हणून पैसे मोजण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून त्यांची हाडं तपासून घ्या.

बिऱ्हाडकरूंवर फार जीव. तुळईच्या फटीत वटवाघळं असतील, तर त्यांना हात लावायचा नाही. ती बाहेर गेलेली असली तरी त्यांच्या जागेला कायद्याचं संरक्षण आहे. त्यांची पाहणी उन्हाळ्यात होते, त्यामुळे नोव्हेंबरात घाई करून उपयोग नाही. वर त्रिकोणी भिंतीतलं भोक घुबडासाठी मुद्दाम ठेवलेलं. उंदरांचा बंदोबस्त तेच करी. आपणही त्याला गव्हाणी घुबड म्हणतो. गव्हाणीशी त्याचं नातं दोन्ही मुलखांत सारखंच!

अंगणाच्या बाबतीत पक्के चिक्कू. स्वतः जेवढी जमीन अडवून बसलेत, तेवढंच अंगण तुम्हाला. त्यापलीकडे एक वीतही नाही. पाणी, वीज, सांडपाणी आणि शेतवाटेवरून जायचा हक्क यांची बोलणी तुम्हीच करायची.

वेळेच्या बाबतीत तर भलतेच कडक. कौन्सिलला पूर्वसंमतीचा अर्ज निकाली काढायला ५६ दिवस. ती मिळाली की तीन वर्षांत काम नुसतं सुरू करून भागत नाही, पुरं करावं लागतं. विकणाऱ्याने दोन वर्षं कागद कपाटात ठेवले असतील, तर तुमच्या वाट्याला एकच उरतं. पाटीवरच्या किमतीआधी कागदावरची तारीख वाचा.

एवढं सोसूनही घ्यायचं मनात असेल, तर आज दोन्ही दारं उघडा आणि त्या फरशीवर उभे राहा. वारा अंगावरून जाऊ द्या. नकाशात या जागेवर पोटमाळा आणि तीन झोपायच्या खोल्या काढल्या असतील, तर नकाशा बदलून घ्या. दारांच्या जागी काच बसवा, पण ही आरपार नजर मोकळी ठेवा. इथे भिंत घातलीत, तर घर मिळेल. बार्नराव भेटणार नाहीत.