गाडी आधी, हक्क मागाहून

पालघर

चि. मधुरा,

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय विचारांचा बोईसरशी संबंध नाही, हे तुझ्या पत्रातले विधान खरे नाही. वाचून वाईट वाटले.

वाफेच्या यंत्राने इंग्लंडात विणकराचे काम घरातून गिरणीत नेले. मजुराच्या तासांवर अंकुश कुणाचा, हा प्रश्न तिथे उभा राहिला. सरकारने बाजारात हात घालू नये, असे अनेक उदारमतवादी म्हणत. समाजवादी कारखान्यांवर समाजाची मालकी मागत. 1848 मध्ये मार्क्स-एंगल्स यांचा कम्युनिस्ट जाहीरनामा निघाला. त्याच वर्षी जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली आणि पुढे गिरणी कामगारांसाठी लढलेले नारायण मेघाजी लोखंडे जन्मले.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये स्थापली. 1864 मध्ये बी. बी. सी. आय. रेल्वे गुजरातेतून मुंबईला पोचली, ती याच पालघर-बोईसरच्या वाटेने. 1881 च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात मनाई केली. मोठ्यांच्या तासांना मर्यादा घातलीच नाही. सत्यशोधक समाजाचे लोखंडे तेव्हा ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र चालवत होते. 1884 मध्ये 5,500 कामगारांच्या सह्यांचा अर्ज करून त्यांनी आठवड्याची सुट्टी मागितली. गिरणीमालकांनी रविवार मान्य केला तो 10 जून 1890 रोजी. तुझा रविवार असा आला आहे, मधुरा.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मात्र रेल्वे येऊन ऐंशी वर्षे झाली तरी वेठ चालूच होती. लग्नासाठी कर्ज काढणारा वारली बायकोसह सावकाराचा लग्नगडी, म्हणजे बांधील मजूर, होई. 1945 मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी किसान सभेचे काम इथे उभे केले. 11 ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांनी गोळीबार केला, वारली मारले गेले. तरी लढा थांबला नाही आणि वेठ मोडली. मार्क्सचे पान न वाचलेल्या माणसांनी तो विचार खरा करून दाखवला. तलवाड्याच्या वाटेवर आत्याने सांगितलेली ही हकीकत तू इतक्या लवकर विसरावीस?

यंत्र भांडवलाबरोबर येते. हक्क मागितल्याशिवाय कुठेही आलेला नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र 1969 मध्ये सुरू झाले, शेजारी एमआयडीसीत रसायनांचे, औषधांचे, पोलादाचे, कापडाचे कारखाने वाढले. तिथे ठेकेदाराकडे राबणाऱ्याचा पीएफ खरोखर भरला जातो का? रसायनांच्या रिअॅक्टरजवळ उभे करण्याआधी त्याला धोका कुणी समजावून सांगतो का? रात्रपाळीचा भोंगा ऐकला की हीच काळजी लागते.

आता कंपनीत हजेरीपत्रक तुझ्या हाती आहे. ठेकेदाराच्या माणसाचा जादा तास त्यात नोंदव आणि त्याला कायद्याप्रमाणे दुप्पट दराने पैसे मिळतील असे बघ.

तुझा,
काका