आजोळची परवानगी

तलाकनंतर कोर्टानं मुलाचा ताबा मला दिला. वाटलं, आता पुणं सोडायचं आणि वरवट बकाल गाठायचं. अब्बांचं घर आहे, शिलाईचं मशीन आहे. वकीलसाहेबांनी हुकुमातली ओळ दाखवली : परवानगीशिवाय मुलाला कोर्टाच्या हद्दीबाहेर नेऊ नये. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातही कोर्टानं नेमलेल्या पालकावर हेच बंधन आहे, कलम २६.

अब्बा चिडले. “पोरगी पोराला घेऊन बापाच्या घरी येते, त्याला चिठ्ठी कशाला?”

मौलवीसाहेबांनी ‘हिदाया’ काढला. बाराव्या शतकातला ग्रंथ. तलाक झालेल्या आईनं मुलाला परक्या शहरी नेऊ नये. पण तिच्या माहेरी, जिथं निकाह झाला तिथं, नेता येतं. आमचा निकाह तर याच अंगणात झालेला! निकाहाला येणाऱ्याला बायकोचं गाव ठाऊक असतंच, हा विचार मला फार आवडला.

पण हनफी फिकहमध्ये मुलाची हिजानत सात वर्षांवर संपते, आणि माझा मुलगा आठ वर्षांचा. सोयीचं तेवढंच पान कसं उघडायचं? २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मुलाचं हित व्यक्तिगत कायद्याच्या वर मानून नऊ वर्षांच्या मुलाचा ताबा मुस्लीम आईला दिला. वकीलसाहेबांची भिस्त त्यावरच.

अर्जात मी लिहून दिलंय, महिन्यातून एकदा शेगाव स्टेशनावर बापलेकांची भेट, अर्धी सुट्टी पुण्यात. बापाची माया आहे, ती नाकारू कशी?

तारीख पुढच्या महिन्यात. मुलगा विचारतो, तिथली शाळा मराठी की उर्दू?