विम्याच्या बिलांचा जीर्णोद्धार

गेल्या वर्षीं आमच्या घरच्या आरोग्यविम्याचा वार्षिक हप्ता आम्ही मुदतीपूर्वींच भरला होता. तरी 'पॉलिसी बंद' असें पत्र आलें. चौकशीअंतीं कळलें कीं, कंपनीनें बिलांची जुनी संगणकप्रणाली बदलली, तींत आमची रक्कम अडकली. सवलतीच्या ३० दिवसांत उलगडा झाला नसता, तर जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाल पुनः आरंभापासून. आणि तो ३६ महिन्यांपर्यंत असूं शकतो. आमच्या वयास ही थट्टा नव्हे. पावती जपली होती म्हणून निभावलें.

तथापि जुनें बदलूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. पुष्कळ विमाकंपन्यांचे हिशेब अद्यापि १९५९ सालीं आरंभ झालेल्या कोबोल भाषेंत चालतात, व ती जाणणारे निवृत्त होत आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के जीएसटी उठला. असा दर प्रोग्रामच्या ओळीओळींत कोरलेला असला, तर तो शोधून काढतांना दमछाक होते.

देवालयाच्या जीर्णोद्धारांत देवतेचें तत्त्व आधीं कलशांत उतरवून घेतात, मगच जुन्या भिंतीस हात लावितात. येथें तो कलश म्हणजे कांहीं महिने जुनें व नवें बिल शेजारीं मांडून पैपैचा मेळ घालणें. आमच्या कंपनीनें तो घातला कीं नाहीं, न कळे. नव्या बिलावर आमचें आडनांव मात्र चुकीचेंच येतें.